सहा सोसायट्यांचा एक ठराव : फॉग्सीची वाटचाल

कोल्हापूर संस्थानाच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाच्या डॉक्टर म्हणून आनंदीबाई जोशी यांची नेमणूक १८८६ मध्ये झाली. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्यांनी एम. डी. पदवी मिळवली होती. प्रबंधाला त्यांनी विषय घेतला होता तो प्राचीन आर्यांच्या प्रसूतिशास्त्राचा. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत गमावलेल्या स्त्रीने हाच विषय निवडला. कोल्हापूरच्या त्या जागेवर मात्र त्या कधीच रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाला बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर त्रेसष्ट वर्षांनी, ६ जानेवारी १९५० रोजी, मद्रासमध्ये स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या सहाव्या अखिल भारतीय परिषदेत सहा सोसायट्यांनी एकत्र येऊन राष्ट्रीय महासंघ स्थापण्याचा ठराव केला. अहमदाबाद, बंगाल, मुंबई, मद्रास, पंजाब आणि कोल्हापूर अशा त्या सहा सोसायट्या. मोठे प्रांत आणि गिरण्यांची, बंदरांची शहरे यांच्या पंक्तीला कोल्हापूरचे नाव बरोबरीने बसले. फेडरेशन ऑफ ऑब्स्टेट्रिक अँड गायनॅकॉलॉजिकल सोसायटीज ऑफ इंडिया, म्हणजेच आज सर्वांच्या तोंडी असलेली ‘फॉग्सी’, या ठरावातून जन्माला आली. वरून फर्मान निघाले आणि खाली शाखा उघडल्या, अशी ही संस्था नाही. आधी गावोगावच्या सोसायट्या होत्या, त्यांच्या बैठका होत्या, त्यांची इतिवृत्ते होती. महासंघ मागाहून आला. पुढच्या पाऊणशे वर्षांत या संस्थेने जे काही केले त्याचे मूळ या क्रमात आहे.

आनंदीबाईंच्या काळी बाळंतपण ही दवाखान्याची बाब नव्हतीच. घरातली सर्वांत अंधारी खोली, विस्तवाची शेगडी, बंद खिडक्या आणि अनुभवी सुईण एवढीच त्याची व्यवस्था. सुईणीच्या हाताला गुण असे, पण ते हात निर्जंतुक करावे लागतात हे तिला कोणी शिकवलेले नव्हते. बाई अडली, वार अडकली किंवा बाळंतरोगाचा ताप चढला, की पुढचे सारे दैवाच्या हवाली. पुरुष डॉक्टरला दाखवायचे नाही हा दंडक इतका पक्का होता की जवळ रुग्णालय असले तरी त्याचा उपयोग होत नसे. मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले ते या अडचणीवर उत्तर म्हणून. पेस्तनजी होरमसजी कामा यांची देणगी, जॉर्ज किट्रेज यांनी उभा केलेला निधी आणि एडिथ पीची यांच्यासारख्या इंग्लंडहून आलेल्या स्त्री डॉक्टर यांच्या बळावर ‘स्त्रियांसाठी, स्त्रियांनी चालवलेले’ रुग्णालय उभे राहिले. कोल्हापुरात पुढे, ज्या रुग्णालयात आनंदीबाई रुजू होऊ शकल्या नव्हत्या तिथेच, शाहू महाराजांच्या पाठिंब्याने शिकलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी दीर्घकाळ स्त्रीरुग्णांची सेवा केली. आज ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखले जाते.

कामा रुग्णालयाच्या वॉर्डात एका अकरा वर्षांच्या मुलीने आपले आयुष्य ठरवले. तिची बहीण आजारी होती आणि डॉ. अ‍ॅनेट बेन्सन यांच्या उपचारांनी ती बरी होताना मुलीने पाहिली. ‘मी डॉक्टर होणार आणि याच रुग्णालयाची प्रमुख होणार,’ असा तिने निश्चय केला. ती मुलगी म्हणजे जेरुशा झिराड. कोकणात तेलाचे घाणे चालवत मराठी झालेल्या बेने इस्रायली समाजात १८९० साली त्यांचा जन्म झाला. शाळा पुण्यात, पुढचे शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. तेवढ्यावर न थांबता त्या लंडनला गेल्या आणि १९१९ मध्ये प्रसूती व स्त्रीरोगशास्त्रात लंडन विद्यापीठाची एम. डी. घेऊन परतल्या. सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेत वैद्यक शिकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. दिल्ली आणि बंगळूर येथे काम केल्यावर १९२८ मध्ये त्या खरोखरच कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या आणि १९४७ पर्यंत त्या पदावर राहिल्या. फॉग्सीच्या संस्थापकांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

त्या काळातील भारतीय डॉक्टरांची कोंडी नीट समजून घेतल्याशिवाय सोसायट्या का निघाल्या हे कळणार नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील प्राध्यापकपदे आणि मोठ्या रुग्णालयांची प्रमुखपदे इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत, आणि हे अधिकारी बहुतांशी गोरे. भारतीय डॉक्टर कितीही कुशल असला तरी त्याच्या वाट्याला दुय्यम जागा येई. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी मुंबई महानगरपालिकेला देणगी देताना, नव्या महाविद्यालयात सरकारी सेवेत नसलेले भारतीय डॉक्टरच शिकवतील, अशी अट घातली. १९२६ मध्ये परळला केईएम रुग्णालय उघडले आणि ही कोंडी फुटली. त्याच वर्षी जवळच नौरोजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले. गिरणगावातल्या कामगार बायकांसाठी नेस आणि कस्रो वाडिया या बंधूंनी ते वडिलांच्या स्मरणार्थ बांधले होते. एकाच मैलाच्या परिसरात शेकडो बाळंतपणे, तीही भारतीय डॉक्टरांच्या हाताखाली! प्रसूतिशास्त्राच्या एका पिढीला इथे जमीन मिळाली.

त्या जमिनीत संशोधनही रुजले. १९२८ मध्ये डॉ. मार्गारेट बालफोर यांच्या आग्रहावरून लंडनच्या डॉ. लूसी विल्स मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा पांडुरोग का होतो, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना त्यांना आढळले की यीस्टच्या अर्कापासून बनवलेले स्वस्त ‘मार्माइट’ दिले की अशा बायकांचे रक्त भरून येते. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज प्रत्येक गरोदर बाईच्या हातावर ठेवल्या जाणाऱ्या त्या छोट्या गोळीच्या इतिहासात गिरणगावच्या निनावी बायका आहेत, याचा विसर पडू नये.

मुंबई ऑब्स्टेट्रिक अँड गायनॅकॉलॉजिकल सोसायटी या वातावरणात १९३० च्या दशकाच्या मध्यावर स्थापन झाली. डॉ. एन. ए. पुरंदरे हे या पिढीचे अग्रणी. गिरगाव चौपाटीच्या समुद्राकाठचा रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर १९३१ मध्ये इंग्लंडहून एफ. आर. सी. एस. होऊन परतले होते. कामा रुग्णालयात डॉ. झिराड होत्या. यातले बहुतेक डॉक्टर ‘ऑनररी’, म्हणजे मानद. सकाळ रुग्णालयाच्या वॉर्डात आणि शस्त्रक्रियागृहात, तीही बिनपगारी. संध्याकाळ स्वतःच्या प्रॅक्टिसची. आणि सोसायटीचे काम त्यानंतर उरलेल्या वेळात. सोसायटीला स्वतःची इमारत नव्हती, पगारी कारकून नव्हता. पत्रव्यवहार चिटणीसाने स्वतः करायचा आणि रुग्णालयातले व्याख्यानगृह मोकळे असेल तेव्हा सभा घ्यायची.

सोसायट्यांच्या या सभांमध्ये केस मांडण्याची जी शिस्त रुजली, ती पुढे संपूर्ण संघटनेचा कणा झाली. बाईचे नाव सांगितले जात नाही. वय, कितवे बाळंतपण, कितवा महिना, कुठून आली, कशातून आली, वाटेत किती तास गेले, दाखल होताना नाडी किती होती, लघवीत प्रथिने होती का, रक्त किती वाजता मागवले आणि किती वाजता हाती पडले. मृत्यू झाला असेल तर तो ज्याच्या युनिटमध्ये झाला त्यानेच उभे राहून सगळे वाचायचे. मग ज्येष्ठांपैकी कोणीतरी विचारणार : ही बाई कोणत्या वेळी वाचवता आली असती? उत्तर बहुधा शेवटच्या तासात सापडत नसे. ते दोन दिवस आधी, गावातून निघण्याच्या वेळी, किंवा दोन महिने आधी, फिकट पडलेल्या पापण्या कोणी पाहिल्या नाहीत तिथे सापडे. आपल्या हातून गेलेल्या रुग्णाची हकिगत सहकाऱ्यांपुढे उघड मांडायला मोठे धैर्य लागते. ते या मंडळींनी दाखवले, आणि या धैर्याला या इतिहासात नव्या शस्त्रक्रियांच्या बरोबरीचे स्थान आहे.

डॉ. झिराड यांनी हीच शिस्त संपूर्ण शहराला लावली. १९३७-३८ मध्ये त्यांनी मुंबईतील मातामृत्यूंच्या कारणांची पाहणी हाती घेतली आणि तिचा अहवाल इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर माता मरतात हे सगळ्यांना ठाऊक होते. कशाने मरतात आणि त्यातल्या किती वाचल्या असत्या, हे एका भारतीय स्त्री डॉक्टरने एका भारतीय शहरासाठी मोजून दाखवण्याचा प्रयत्न केला. या संघटनेच्या पूर्वपीठिकेतले सर्वांत मोलाचे पाऊल कोणते असे विचारले, तर या पाहणीकडेच बोट दाखवावे लागेल.

मद्रासमध्ये हेच काम समांतर चालले होते. एग्मोरचे स्त्रिया व मुलांचे रुग्णालय १८४४ पासूनचे; तिथल्या परंपरेतून डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार पुढे आले. मद्रास मेडिकल कॉलेजचे ते पहिले भारतीय प्राचार्य, पुढे मद्रास विद्यापीठाचे सत्तावीस वर्षे कुलगुरू. त्यांचे प्रसूतिशास्त्रावरील पाठ्यपुस्तक पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या विद्यार्थ्यांनी वापरले. कलकत्त्यात सर केदारनाथ दास यांनी भारतीय स्त्रीच्या अंगलटीचा आणि इथल्या बाळांच्या वजनाचा विचार करून हलका, लहान चिमटा बनवला होता; ‘दास फोर्सेप्स’ म्हणून तो नावारूपाला आला. प्रसूतीच्या चिमट्याच्या इतिहासावरचा त्यांचा १९२९ चा ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला. अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या मंडळींना एका मंडपात आणण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न १९३६ मध्ये मद्रासला झाला. ती पहिली अखिल भारतीय प्रसूती व स्त्रीरोग परिषद. केदारनाथ दास त्याच वर्षी मार्चमध्ये निवर्तले; एक पिढी मागे सरत होती आणि दुसरी उभी राहत होती.

पहिल्या परिषदेपासून सहाव्या परिषदेपर्यंत चौदा वर्षे लागली. मध्ये दुसरे महायुद्ध आले, बंगालचा दुष्काळ आला, फाळणी झाली. युद्धकाळात देशाच्या आरोग्यव्यवस्थेच्या पाहणीसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला आणि त्यातले आकडे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० माता दगावत. वर्षाला जवळजवळ दोन लाख. एवढ्या प्रचंड देशात प्रशिक्षित सुइणी होत्या सुमारे पाच हजार. फाळणीत लाहोर आणि तिथले किंग एडवर्ड मेडिकल कॉलेज सीमेपलीकडे गेले. पंजाबची वैद्यकीय राजधानीच गेली. तरीही संस्थापक सोसायट्यांच्या यादीत पंजाबचे नाव आहे.

१९५० च्या जानेवारीचा पहिला आठवडा वैद्यकीय क्षेत्रासाठी लक्षात राहण्याजोगा ठरला. २ तारखेला कलकत्त्यात डॉ. सुबोध मित्र यांच्या परिश्रमांतून उभ्या राहिलेल्या चित्तरंजन कर्करोग रुग्णालयाचे उद्‌घाटन झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील त्यांच्या शस्त्रक्रियेचा लौकिक पुढे परदेशांत पसरला. चार दिवसांनी मद्रासला महासंघाचा ठराव झाला. त्यानंतर वीस दिवसांनी देश प्रजासत्ताक झाला. महासंघाचे नोंदणीकृत कार्यालय मुंबईत ठेवण्याचे ठरले आणि ते आजतागायत मुंबईतच आहे.

संघटनेची घडण ठरवताना संस्थापकांनी एक दूरदर्शी निर्णय घेतला. डॉक्टरने आधी आपल्या गावच्या सोसायटीचा सभासद व्हायचे आणि त्या सोसायटीच्या द्वारे महासंघाचा. यामुळे नाशिकच्या किंवा तंजावरच्या डॉक्टरला राष्ट्रीय संघटनेत येण्यासाठी दिल्ली-मुंबईकडे बघावे लागले नाही. आपल्याच गावात मासिक सभेला बसावे लागले. अध्यक्षपद एका वर्षाचे, दरवर्षी नवे, आणि वार्षिक परिषद फिरती. पद एका घराण्याच्या किंवा एका शहराच्या हाती साठून राहू नये, याची सोय अशी घटनेतच झाली. महासंघाचे नियतकालिक, ‘जर्नल ऑफ ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनॅकॉलॉजी ऑफ इंडिया’, पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभीच निघू लागले. जिल्ह्याच्या गावातला डॉक्टर आपली एखादी विलक्षण केस लिहून पाठवू लागला आणि ती देशभर वाचली जाऊ लागली.

याच दशकात मुंबईतल्या एका टाक्याने जगाचे लक्ष वेधले. काही बायकांचे मूल चौथ्या, पाचव्या, सहाव्या महिन्यात पडते. दर वेळी तसेच, कळा फारशा न येताच. ‘पोट राहतं पण टिकत नाही’ असे घरचे म्हणत आणि नवस बोलत. डॉ. शिरोडकर यांनी अशा रुग्णांना तपासून सांगितले की दोष मुलात नाही, पिशवीचे तोंड सैल आहे. वजन वाढले की ते आपोआप उघडते. त्यावर त्यांनी उपाय शोधला. बाईच्याच मांडीवरच्या जाड पडद्याची एक अरुंद पट्टी काढायची. योनीमार्गातून गर्भाशयमुखाच्या वरच्या भागाशी पोहोचायचे, मूत्राशय अलगद वर सारायचे आणि ती पट्टी आतल्या तोंडाभोवती फिरवून आवळायची, थैलीच्या तोंडाला नाडी बांधावी तशी. आवळायचे ते किती, हे हाताच्या अंदाजावर. दिवस भरेपर्यंत बाई ते बाळ पोटात बाळगू शकते. १९५५ मध्ये त्यांनी ही पद्धत मद्रासहून निघणाऱ्या ‘द अँटिसेप्टिक’ या मासिकात प्रसिद्ध केली. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या इयन मॅकडोनाल्ड यांनी याच तत्त्वावर एक सोपी पद्धत मांडली. आज जगाच्या कोणत्याही प्रसूतिगृहात ‘शिरोडकर’ म्हटले की तो टाका डोळ्यांपुढे येतो. जागतिक कीर्तीचे हे संशोधन भारतीय रुग्णालयात झाले आणि भारतीय मासिकात छापले गेले, हे विशेष अभिमानाने नोंदवावेसे वाटते. शिरोडकर यांना १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. डॉ. झिराड यांना १९६६ मध्ये पद्मश्री, तर केईएममध्ये अनेक पिढ्या घडवणारे डॉ. भालचंद्र नीळकंठ पुरंदरे यांना १९७२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

शस्त्रक्रियेपेक्षा अवघड प्रश्न समाजाचे होते. कुटुंबनियोजनाची वाट रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत उघडली होती आणि त्यासाठी आयुष्यभर हाल सोसले. १९४९ मध्ये भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली, तिच्या उभारणीत शिरोडकर होते. १९५२ मध्ये सरकारी कार्यक्रम आला. पण वॉर्डात अजून एक दृश्य रोजचे होते. चोरून, कुठल्यातरी काडीने किंवा मुळीने गर्भ पाडून घेतलेली, तापाने फणफणलेली बाई. कायद्याने गर्भपात गुन्हा असल्यामुळे ती शेवटच्या क्षणापर्यंत खरे सांगत नसे. १९६४ मध्ये महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने समिती नेमली, तिच्या शिफारशींवरून १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. कायदा दिल्लीत झाला; तो सुरक्षितपणे राबवण्याचे काम सोसायट्यांच्या सभासदांनी, तालुक्याच्या शस्त्रक्रियागृहांत केले.

या वाटचालीत एक डाग आहे आणि तो लपवून चालणार नाही. सोनोग्राफीचे यंत्र बाळाची वाढ पाहण्यासाठी आले. या पेशातल्याच काही हातांनी ते मुलगी ओळखून तिला नाकारण्यासाठी वापरले. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम याविरुद्ध कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. महासंघाने लिंगनिदानाविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आणि सभासदांमध्ये त्याविषयी जागृती चालवली. तरीही २००१ आणि २०११ च्या जनगणनेत मुलींचे घटलेले प्रमाण बघून मान खाली गेली, हे मान्य करायला हवे.

१९८४ मध्ये महासंघाची शैक्षणिक शाखा म्हणून इंडियन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्सची स्थापना झाली. ज्ञानावर शिक्कामोर्तब करून घेण्यासाठी लंडनकडे डोळे लावण्याची सवय या टप्प्यावर सुटू लागली. दोन वर्षांनी, ६ ऑगस्ट १९८६ रोजी, केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून परीक्षानळीतील बाळ जन्मले. त्याआधी १९७८ मध्ये कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे साध्य केले होते. हयातीत त्यांना न्याय मिळाला नाही. त्यांचे श्रेय पुढे मान्य झाले. अशा नोंदी दुरुस्त करत जाणे हेही संस्थेचे कर्तव्यच.

मोठ्या शहरांत ज्ञान वाढत गेले, पण तज्ज्ञ नसलेल्या गावातली अडलेली बाई तिथेच होती. या दुखण्यावर केंद्र सरकारच्या सहकार्याने महासंघाने हाती घेतलेला उपक्रम म्हणजे साध्या एम. बी. बी. एस. डॉक्टरांना तातडीच्या प्रसूतिसेवेचे सोळा आठवड्यांचे प्रशिक्षण. यात सीझर करायलाही शिकवले जाते. विशेषज्ञांच्या संघटनेने आपले कौशल्य असे विशेषज्ञ नसलेल्यांच्या हाती देणे, ही या इतिहासातली मोठ्या मनाची गोष्ट आहे. झटके येणाऱ्या गरोदर बायकांची राष्ट्रीय नोंदवही, खाजगी प्रसूतिगृहांचा दर्जा तपासणारा ‘मान्यता’ हा कार्यक्रम, किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचे काम, हे सारे पुढच्या वर्षांत आले. जेथे मोजणी नाही तेथे सुधारणा नाही, ही झिराड यांची शिकवण या नोंदवहीत पुन्हा भेटते.

जागतिक पातळीवरही संघटनेला मान मिळाला. फिगो या आंतरराष्ट्रीय महासंघाचे अध्यक्षपद २००० ते २००३ या काळात मुंबईचे डॉ. शिरीष शेठ यांनी आणि २०१५ ते २०१८ मध्ये डॉ. सी. एन. पुरंदरे यांनी भूषवले. सहा सोसायट्यांच्या आज अडीचशेहून अधिक झाल्या आहेत आणि सभासदसंख्या पस्तीस हजारांपलीकडे गेली आहे. मुंबईची मूळ सोसायटी ‘मॉग्स’ या नावाने आजही तितकीच कार्यरत आहे.

आकड्यांची भाषा संस्थापकांना प्रिय होती, म्हणून तीच वापरून सांगायचे तर : भोर समितीच्या वेळी लाख जन्मांमागे सुमारे दोन हजार माता दगावत. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार हे प्रमाण देशात ९७, महाराष्ट्रात ३३ आणि केरळात १९ होते. २००५-०६ मध्ये रुग्णालयात होणारी बाळंतपणे शंभरात ३९ होती, २०१९-२१ मध्ये ती ८९ झाली. यात आशा कार्यकर्ती, परिचारिका, रक्तपेढ्या, रस्ते, १०८ ची गाडी आणि शासनाच्या योजना या सर्वांचा वाटा आहे. एकट्या संघटनेचे हे श्रेय नाही आणि तिने ते कधी मागितलेलेही नाही. पण आसामात हा आकडा अजून १९५, मध्य प्रदेशात १७३ आणि उत्तर प्रदेशात १६७ होता. १९५० चा ठराव तिथे अजून पुरा व्हायचा आहे.

या इतिहासातला फार मोठा भाग अजून छापला गेलेला नाही. तो जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सोसायट्यांच्या जुन्या इतिवृत्तांत, हाताने लिहिलेल्या केसच्या टिपणांत, परिषदांच्या पिवळ्या पडलेल्या स्मरणिकांत आणि निवृत्त डॉक्टरांच्या घरच्या कपाटांत पडून आहे. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नये. आपल्या गावच्या सोसायटीच्या स्वाधीन करावे, आणि सोसायट्यांनी त्याची नीट नोंद करून ते सांभाळावे.